नडगीवरचा डाग

गंगावेशीत एकतीस वर्षं उभा आहे मी,
खुर्चीच्या मागं.
गिऱ्हाईक बसतं, डोळे मिटतं. मी उभा.
कुणाच्या कानामागं चामखीळ आहे
ते त्याच्या बायकोच्या आधी मला कळतं.
पण माझ्या नडगीवरचा डाग
मालननं दाखवला,
आंघोळीचं पाणी काढताना:
"अवो, ह्ये काय?"

घोट्याच्या चार बोटं वर, आतल्या अंगाला.
गणपतीत आठ आण्याएवढा,
दिवाळीला रुपयाएवढा.
बशीत वाळलेल्या चहाचा रंग.
खाज दुकान झाडायच्या वेळी.

मग मी पँट दुमडून
गिऱ्हाइकांनाच दाखवू लागलो.

रंगराव पैलवान म्हणाला, "गजकर्ण हाय.
तालमीत निम्म्या पोरांना असतंय.
पण गोल कड कुठाय रं तुझी?"
इलाही मुजावरनं आपलीच नडगी पुढं केली,
शिरोलीच्या फौंड्रीत रस उडून
पडलेले पांढरे ठिपके.
"तुझं भाजल्यालं न्हवं." एवढंच बोलला.
हुपरीचा बाळगोंडा: "चांदीत भेसळ असली
की पैंजणाखाली असंच काळं उठतंय,"
आणि फेस लागलेल्या तोंडानं हसला,
"पर तू कुठं पैंजण घालतोस!"
निवृत्तीनं माझी चप्पल उचलली,
पट्ट्यावरून अंगठा फिरवला, हुंगली.
"कातडं मी कमावल्यालं हाय.
पट्टा जिथं लागतोय तिथं डाग न्हाई."
आणि ती खाली ठेवली, नव्यासारखी, जोडीनं.

एक मास्तर येतात, आठवड्याला.
अर्धी दाढी झाली होती.
आरशात न बघता म्हणाले,
"तिथं टाचणी टोचून बघितलीस? कळतं?"

वस्तरा हवेतच राहिला.

त्या रात्री टाचणी शोधली.
मालनच्या डब्यात सापडली.
टोचली नाही.

सीपीआरमधली डॉक्टरीण माझ्या लेकीहून लहान.
कापसाचा तंतू पिंजून म्हणाली,
"डोळे मिटा. लागलं की बोट ठेवा."
दुसऱ्याच्या हातापुढं डोळे मिटायचं काम
मी कधी केलं नव्हतं.
बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारत होते.
काहीच होईना.
काहीच होईना.
मग मुंगीनं पाय टेकावा तेवढं.
"हितं."
परत. "हितं."
"हितं बी," म्हणालो, जरा मोठ्यानंच.

साखर तपासली, बरी निघाली.
तिनं नडगीवर अंगठा दाबला, उचलला;
खळगा तसाच राहिला, भिजवलेल्या कणकेत राहतो तसा.
"उभं राहून काम?"
मग सांगितलं: रक्त खाली उतरतं,
वर चढवणाऱ्या झडपा थकल्यात.
तुंबलेलं झिरपतं, कातडीत मुरतं,
त्यातलं लोखंड मागं राहतं.
हा डाग त्याचा.

लोखंडाचं मला सांगायला नको.
ओला ठेवला की वस्तराही असाच धरतो.
"जाईल?"
"फिका होईल. पण खाजवू नका,
इथली जखम महिनोन् महिने भरत नाही."
पट्ट्याचे मोजे लिहून दिले. चालायला सांगितलं.
आणि पाय वर.

दुपारी आता मी शटर अर्धं ओढतो,
गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसतो,
पाय आरशाखालच्या फळीवर,
तुरटी आणि पावडरीच्या डब्यामध्ये.
आरशात मला माझे तळवे दिसतात.
भेगाळलेत. कुणी सांगितलं नव्हतं.
शटरखालून कुणीतरी वाकतं, "बंद हाय का?"
"चालू हाय. पाय खाली येऊ दे."

परवा मास्तर आले. मी उठून खुर्ची पुसली.
त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
जाताना पैसे पुढं केले.
करंगळी तळव्याकडं वळलेली, जुनी,
कधीची बरी होऊन तशीच राहिलेली.
एवढी वर्षं त्या हातानं पैसे घेतले मी,
मानेवरचा एकेक तीळ पाठ,
आणि हात पहिल्यांदा बघितला.
सुटे नव्हते.
"ऱ्हाऊ दे, मास्तर," म्हणालो, "पुढच्या वेळी."